तक्रारदार साहाय्य या शीर्षाखाली चार पडदे

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा घनसावंगीकडच्या आमच्या गावात वडील भेटेल त्याला सांगत होते, "पोरगं पास झालं." कुणी विचारलं कशात, तर म्हणत, "सगळ्यात." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. विषय राज्यशास्त्र. नागरिकांचे हक्क हे प्रकरण मला तोंडपाठ होतं, कारण परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न यायचा.

पुढं सरकारी नोकरीत लिपिक म्हणून लागलो. दोन हजार साल उलटल्यावर राज्याच्या मानवी हक्क संचालनालयानं जिल्ह्याजिल्ह्यांत कक्ष उघडले आणि जालन्याच्या कक्षात माझी नेमणूक झाली. साहेब म्हणाले, "तुम्ही बीए, तुमचा विषयच आहे हा." तेव्हापासून ऑफिसात माझं नाव बीएच पडलं. कक्षात एक खोली, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, एक फोन, एक जीप आणि एक शिपाई. शिपायाला सगळे चाचा म्हणत. जीप कक्षाची होती, पण कक्षाला ती क्वचितच दिसायची. साहेबांच्या घरची भाजी, पोरांची शाळा आणि मेहुण्यांचं जाणंयेणं यातून तिला सवड मिळत नव्हती.

माझं मुख्य काम म्हणजे महिन्याचा अहवाल. महिन्याभरात जिल्ह्यात मानवी हक्कांच्या किती तक्रारी आल्या, ते संचालनालयाला कळवायचं. आम्ही दर महिन्याला एकच शब्द कळवत होतो, निरंक. म्हणजे एकही नाही. माझं अक्षर चांगलं. 'निरंक' मी इतकं सुरेख काढायचो की साहेब एकदा म्हणाले, "बीए, हे फ्रेम करून लावावं असं आहे."

आता जिल्ह्यात कुणावर अन्यायच होत नव्हता असं नाही. लोक यायचे, अर्ज द्यायचे. पण आमच्या साहेबांनी एक पद्धत पाडली होती. आलेला अर्ज लगेच तक्रार म्हणून नोंदवायचा नाही. ज्या ऑफिसाविरुद्ध अर्ज आहे, त्याच ऑफिसाला तो पाठवायचा आणि विचारायचं, यात तथ्य आहे काय? त्यांनी तथ्य आहे असं लिहून दिलं, तरच रजिस्टरला नोंद. मी कक्षात होतो तेवढ्या काळात एकाही ऑफिसानं आपल्याविरुद्धच्या अर्जात तथ्य आहे असं लिहून दिलं नाही. खुलासा आला की तो अर्जाला टाचून आम्ही कपाटात ठेवत असू. कपाटाचा खालचा कप्पा भरला होता आणि रजिस्टर कोरं होतं.

त्या कप्प्यातला एक अर्ज मास्टरांचा होता.

मास्टर म्हणजे टेलर मास्टर. राहायला पिंपळगाव रेणुकाईत, दुकान भोकरदनच्या बाजारात. देवीच्या यात्रेत कुणाच्या तरी घरी चोरी झाली आणि जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यानं मास्टरांना संशयावरून उचललं. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. तीन दिवस आत ठेवलं. चौथ्या दिवशी खरा चोर दुसरीकडं सापडला, तेव्हा यांना सोडून दिलं. तोवर उजव्या हाताची तीन बोटं मोडली होती.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी हात टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, बोटांचं ऱ्हाऊ द्या. डाव्या हातानं कापून राह्यलो, मशीन घरची चालवती. मला फक्त कागद पायजे."

"कसला कागद?"

"मी चोर न्हाई म्हणून. नेताना साऱ्या बाजारादेखत नेलं. सोडताना कुणी बघितलं न्हाई, रात्रीचं सोडलं. आता गिऱ्हाईक येतं, माप देतं अन् कापड संगं घेऊन जातं. म्हणतं, उद्या आणतो. उद्या येतच न्हाई. शिंप्याच्या दुकानात लोक कापड ठेवून जातात साहेब. कापडच न्हाई तर शिवायचं काय?"

खरं होतं. शिंप्याकडं आपण आपला पैसा कापडाच्या रूपात ठेवतो आणि दिवाळीपर्यंत विसरून जातो. एवढा भरवसा आपण बँकेवरसुद्धा टाकत नाही. त्या भरवशावरच मास्टरांचं घर चालायचं, आणि तो गेला होता.

मी पद्धतीप्रमाणं अर्ज ठाण्याला पाठवला. दोन महिन्यांनी खुलासा आला. तो मला अजून पाठ आहे. सदर इसम ठाण्यात तीन दिवस स्वेच्छेने बसून होता. बोटांच्या दुखापतीबाबत, सदर इसम व्यवसायाने शिंपी असल्याने बोटे शिलाई मशीनमध्ये अडकली असावीत. तक्रारीत तथ्य नाही.

मी तो मास्टरांना वाचून दाखवला. त्यांनी आपली बोटं एकदा उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "मशीनमधी बोट अडकलं तर सुई आरपार जाती साहेब, बोट मोडत न्हाई. ज्यानं हे लिवलं त्यानं मशीन बघितलीच न्हाई." तथ्य नाही हे त्यांना तितकं लागलं नव्हतं, धंद्याची अक्कल नसलेल्या माणसानं त्यावर लिहावं याचा राग आला होता. खुलासा मी अर्जाला टाचला आणि त्या महिन्याचा अहवाल लिहिला. निरंक.

त्यानंतर मास्टर दर महिन्याला येत. एसटीनं जालन्याला उतरत, चाचाजवळ बाकावर बसत, मला नमस्कार करत आणि परत जात. चाचा एकदा मला म्हणाला, "बीए साब, ये आदमी तनखा लेने आता क्या हर महिने?"

मग एक दिवस संचालनालयाचं पत्र आलं आणि साहेबांचा चहा तसाच थंड झाला.

विधिमंडळात आमदारांची एक समिती असते. सरकारी खात्यांना मंजूर झालेला पैसा कुठं गेला, कशावर गेला, ते ती बघते. त्या समितीनं मुंबईत संचालनालयाचं अंदाजपत्रक तपासलं आणि आमच्या जिल्ह्यापाशी येऊन थांबली. तिथं विचारलं गेलं, ज्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं एकही तक्रार नाही, तिथं ऑफिस, फोन आणि जीप कशासाठी? हा कक्ष बंद का करू नये? समिती स्वतः जालन्याला येऊन पाहणी करणार होती.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "बीए, आपण चांगलं काम केलं, हीच आपली चूक झाली म्हणायची."

"आता काय करायचं साहेब?"

"तक्रारी पाहिजेत. पंधरा दिवसांत. भरपूर."

मला वाटलं, सोपं आहे. मी कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. मास्टरांचा अर्ज वरच होता. "साहेब, या आहेतच. आज नोंदवून टाकू."

साहेबांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला माझ्या पदवीची शंका आली. "अहो बीए, यांच्यावर तारखा काय आहेत? मागच्या वर्षीच्या. त्या महिन्यांत आपण निरंक कळवलंय. तुमच्या अक्षरात. आज या नोंदवल्या तर ते सगळे अहवाल खोटे ठरतात. जुन्या तक्रारी चालणार नाहीत. ताज्या पाहिजेत."

तर अशा रीतीनं, खऱ्या तक्रारी कपाटात ठेवून आम्ही तक्रारी शोधायला बाहेर पडलो.

चाचाला विचारलं, तर तो म्हणाला, "साब, मेरे घर चलो. बीवी के पास रजिस्टर भरेला है." साहेबांनी त्यावर खरोखर थोडा वेळ विचार केला. मग बाजारातल्या शेठजींकडं गेलो. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, चार पिढ्या जालन्यात व्यापार, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. त्यांच्या दुकानासमोरचं गटार तुंबलं होतं. साहेबांनी तिथंच उभ्या उभ्या मजकूर सांगितला आणि मी लिहून घेतला, की सदर गटारामुळे अर्जदाराच्या सन्मानाने श्वास घेण्याच्या हक्काचा भंग होत आहे.

शेठजींनी वाचलं. "वा. लिहिलंय छान. सही करतो, फक्त कुणाचं नाव टाकू नका."

"मग तक्रार कुणाविरुद्ध?"

"गटाराविरुद्ध ठेवा ना. मला नगरपालिकेच्या लोकांकडून परवाने घ्यायचे असतात, साहेब."

अशा दहाबारा तक्रारी जमल्या. एकही कुणाविरुद्ध नव्हती. साहेब खूश झाले. म्हणाले, "अशाच पाहिजेत. खुलासा मागवायचीसुद्धा गरज नाही."

राहता राहिला आमच्या खोलीला लागून असलेला बैठकीचा हॉल. त्याच्या चार खिडक्या पश्चिमेला आणि दिवस उन्हाळ्याचे. दुपारी अध्यक्षांच्या तोंडावर सरळ ऊन येणार. पडदे पाहिजेत. पण ऑफिस खर्चाचे पैसे जीपच्या डिझेलमध्ये संपले होते. शिल्लक अंदाजपत्रकातल्या फक्त एका शीर्षाखाली होती, तक्रारदार साहाय्य. गरीब तक्रारदाराला जाण्यायेण्याचं भाडं, औषधपाणी यासाठी ते पैसे असतात. आमच्याकडं तक्रारदारच नसल्यामुळं त्याला कुणी हात लावला नव्हता.

"त्यातून घ्या," साहेब म्हणाले.

"पडदे? साहाय्यातून?"

"तक्रारदार हॉलमध्ये आला तर त्याला ऊन लागणार नाही. हे साहाय्य नाही तर काय आहे?"

त्याच दिवशी मास्टर बाकावर बसले होते. मी बाहेर आलो आणि विचारलं, "मास्टर, चार पडदे शिवाल?"

"शिवतो की. कापड?"

"ताग्यानंच घेतलंय. घेऊन जा."

ते उठून उभे राहिले. "अख्खा तागा माझ्या हाती देता?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मोजून द्या साहेब. चाचाच्या समोर मोजून द्या. कातरणं बी वापस आणीन." आणि खरंच, आठ दिवसांनी पडद्यांबरोबर त्यांनी कातरणांचं एक गाठोडं आणून दिलं. नखाएवढे तुकडेसुद्धा त्यात होते. त्या गाठोड्याचं काय करायचं ते आम्हाला कळेना. चाचानं जीप पुसायला घेतलं.

शिलाईचं बिल झालं. पैसे ज्या शीर्षातून गेले ते शीर्ष मी पावतीवर लिहिलं, आणि ज्याला मिळाले त्याचं नाव. तक्रारदार साहाय्य, आणि खाली मास्टरांचं नाव, गाव. हे मी मुद्दाम केलं असं आज लिहायचा मोह होतो. खोटं कशाला बोलू? मी नेहमीसारखा फॉर्म भरला होता, डोकं दुसरीकडं होतं.

समिती आली तो दिवस. मास्टर सकाळपासून पडदे लावत होते. तीन खिडक्या झाल्या. चौथीच्या दांडीचा खिळा भिंतीतून पोपडा घेऊन निघाला, आणि तेवढ्यात अंगणात गाड्या वाजल्या. साहेब धावत आले. "मास्टर, दांडी तशीच हातात धरून उभे राहा. स्टुलावरून हलू नका. बिलकुल हलू नका."

आमदार आत आले. विश्रामगृहावर पिठलं, भाकरी, ठेचा आणि वर मोसंबीचा रस घेऊन आले होते, त्यामुळं निम्म्यांचे डोळे आपोआप मिटत होते. अध्यक्ष वयस्कर, धोतरातले, आवाज हळू. त्यांच्या डाव्या हाताला एक बाई आमदार. कोपऱ्यात मास्टर दोन्ही हात वर करून पडदा धरून उभे. कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही. पडद्याकडं कोण बघतं?

अध्यक्षांनी शेठजींची तक्रार उचलली, चष्मा लावून वाचली. "कुणाविरुद्ध आहे ही?"

साहेब म्हणाले, "सर्वसाधारण आहे, सर."

"सर्वसाधारण?"

"म्हणजे गटाराविरुद्ध."

"गटाराचा खुलासा मागवला का?" बाई आमदारांनी विचारलं. दोन आमदार जागे झाले.

अध्यक्षांनी तो गठ्ठा बाजूला ठेवला आणि खर्चाची फाईल ओढली. पानं उलटता उलटता थांबले. "तक्रारदार साहाय्य. हे पैसे खर्च केलेत तुम्ही. इतर जिल्ह्यांत हे पडूनच असतात. चांगलं आहे." साहेबांची छाती फुगली. "कुणाला दिलेत बघू. पिंपळगाव रेणुकाई. या तक्रारदाराचा नोंद क्रमांक काय?"

साहेब माझ्याकडं वाकून पुटपुटले, "सांगा लिपिकाची चूक झाली. शिंपी आहे म्हणा, शीर्ष चुकलं म्हणा. लौकर."

ते सांगणं सोपं होतं, आणि खरंही होतं. चूक झालीच होती. शीर्ष दुरुस्त झालं असतं, मला एक तोंडी समज मिळाली असती आणि मास्टर दांडी धरून उभेच राहिले असते. मी त्यांच्याकडं बघितलं. पडद्याच्या कडेवर त्यांची ती तीन बोटं दिसत होती. दांडीला ती नीट वळतही नव्हती.

मी म्हणालो, "तक्रारदारच आहेत, सर. अर्ज कपाटात आहे. नोंद केलेली नाही."

"का?"

"पद्धत आहे, सर."

"कसली पद्धत?"

मी सांगितली. सांगताना माझ्याच कानाला ती इतकी विचित्र वाटली की मध्येच थांबावंसं वाटलं. साहेब छताकडं बघत होते. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे ज्यानं मारलं त्याला विचारायचं, मारलंस का रे बाबा?"

"हो सर."

"आणि हे निरंक कोण लिहितं?"

"मी."

"अक्षर छान आहे," ते म्हणाले. माझ्या अक्षराची स्तुती मला आयुष्यात तेवढी एकदाच टोचली. "हा माणूस भेटेल का?"

"इथंच आहे, सर. पडदा धरून."

सगळ्यांच्या माना वळल्या. बाई आमदार म्हणाल्या, "अहो, उतरा की खाली."

मास्टर साहेबांकडं बघून म्हणाले, "उतरू का? हलू नका म्हन्ले व्हते."

"उतरा, उतरा."

ते उतरले, दांडी खाली ठेवली आणि ऊन सरळ अध्यक्षांच्या तोंडावर आलं. ते खुर्ची सरकवून बाजूला झाले. मास्टरांनी सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, शब्दही तेच. ठाण्याचा खुलासा मी कपाटातून आणून दिला. स्वेच्छेने बसून होता, हे वाचल्यावर अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे? भरपाई मागता?"

"भरपाई द्याल तर घीन, साहेब. पण आधी कागद. चोर न्हाई म्हणून. शिक्क्याचा."

त्या दिवशी समितीसमोर रजिस्टर उघडून मी पहिली खरी नोंद केली. मास्टरांच्या नावाची.

समितीच्या अहवालात आमच्यावर काही परिच्छेद आले. एक मोठा पडद्यांवर, एक जीपवर, आणि मास्टरांवर एक ओळ, की या प्रकरणी त्वरित कार्यवाही करावी. त्वरित म्हणजे वर्ष लागलं. तक्रारदार साहाय्याच्या शीर्षाचा गैरवापर होतो असं दिसल्यामुळं पुढच्या अंदाजपत्रकात ते शीर्षच काढून टाकलं. जीप राहिली. नोंद करायची जुनी पद्धत बंद करा असा आदेश निघाला आणि साहेबांनीच तो जिल्हाभर फिरवला, नंतर वरच्या जागेवर गेले. मला कारणे दाखवा नोटीस आली, खोटे अहवाल का लिहिले म्हणून. मी उत्तर दिलं, लिहिले, चूक मान्य. एक वेतनवाढ गेली आणि माझी बदली भोकरदनला झाली. ती शिक्षा म्हणून होती. वडिलांना मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "बीए झालास म्हणून कबूल तरी केलंस." मला ते पटलं नाही, पण बरं वाटलं.

मास्टरांचा कागद मी भोकरदनला असताना आला. सदर व्यक्तीचा चोरीच्या घटनेशी कोणताही संबंध आढळून आलेला नाही. खाली सही, गोल शिक्का. त्यांनी तो काचेत बसवून दुकानात मशीनच्या वर लावला. मी संध्याकाळी जायचो तेव्हा ते आधी काच पुसत, मग माझ्याशी बोलत. भरपाईचं विचारलं की म्हणत, "येईल तवा येईल."

महिन्याभरानं गेलो तर भिंत रिकामी.

"मास्टर, कागद कुठं गेला?"

"गल्ल्यात ठेवलाय." ते खडूनं माप आखत होते. "गाव मोठं झालं बीए साहेब. नवीन लोक आलेत, कॉलेजची पोरं येतात, मास्तरीण बाया येतात. त्यास्नी काहीच ठावं नव्हतं. कागद वाचला की पुसायचे, चोरी कसली? एक बाई ब्लाउजपीस ठेवून गेल्ती. दुसऱ्या दिवशी आली, कागद वाचला अन् म्हन्ली, ऱ्हाऊ द्या, आत्ता घाई न्हाई. नेलं की कापड वापस."

मला हसू आलं, आणि लाज वाटली. दोन वर्षं खटपट करून सरकारनं त्या माणसाला निर्दोष ठरवलं होतं आणि ते वाचून एक गिऱ्हाईक गेलं होतं.

"मग एवढा कागद मिळवून काय उपयोग झाला?"

"असं कसं? उपयोग झाला की." त्यांनी खडू ठेवला. "परवा आमच्या पिंपळगावचे आबा आल्ते. त्यांच्या घरचं सगळं शिवण माझ्याकडं व्हतं, त्या दिवसापासून बंद झाल्तं. आले, अन् उभेच ऱ्हायले. मी गल्ल्यातून कागद काढून हातात दिला. त्यांनी दोन डाव वाचला. मंग म्हन्ले, वाचायला चष्मा लागतो म्हणून येळ लागला. मी म्हन्लो, लागू द्या."

"आणि?"

मास्टरांनी कपाटाचं दार उघडलं. आत शाळेच्या गणवेशाचं खाकी आणि पांढरं कापड घडी करून ठेवलेलं होतं, चार पोरांचं तरी असेल. "ठेवून गेलेत. म्हन्ले, मापाला पोरं रविवारी पाठवतो. अन् निघून गेले. मागं वळून बी पाह्यलं न्हाई."

तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोनं विचारलं, पांढऱ्याच्या बाह्या आज कापायच्या का. मास्टर म्हणाले, "पोरांचं माप तर येऊ दे," आणि माझ्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.